पदोन्नती घ्यावी की शिवारातच राहावं?

वाचकाचं पत्र

मी विदर्भात उपविभागीय कृषी अधिकारी आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन खात्यात आले. मंडळ, तालुका, उपविभाग अशा सगळ्या पायऱ्या फिल्डवरच चढले. आता जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी पदाच्या निवडसूचीत माझं नाव आहे. आनंद व्हायला हवा होता, पण झोप उडाली आहे. आधीच्या साहेबांचे दिवस मी जवळून पाहिलेत. सकाळी व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), दुपारी जिल्हाधिकाऱ्यांकडे बैठक, संध्याकाळी कुणा लोकप्रतिनिधीचा फोन. शेतात पाय पडायचा तो मंत्र्यांच्या दौऱ्यात. निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्यामागे जुन्या कामाची चौकशी लागली ती वेगळीच. पुण्यातले एक हितचिंतक म्हणतात, कृषी आयुक्तालयात टेबलाची जागा मागून घे, निवांत राहशील. घरी यजमान म्हणतात, पदोन्नतीच नाकार, आहे ते काय वाईट आहे? शिवाय ज्या जिल्ह्यात जायची शक्यता आहे तिथले एक तालुका कृषी अधिकारी माझ्याहून वयाने मोठे आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांना आदेश कसे द्यायचे? मी काय करू?

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागाहून. पदोन्नती घ्या. जिल्हाच घ्या, पुणे आत्ता नको.

यजमानांचा सल्ला काळजीपोटी आहे हे कळतं, पण नकाराची किंमत त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. नकार दिला की निवडसूचीतून नाव जातं, ते लगेच परत येत नाही, आणि आश्वासित प्रगती योजनेच्या (पदोन्नती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरचं वेतन देणाऱ्या) लाभावरही परिणाम होतो. नेमका किती, ते आस्थापना शाखेकडून लेखी समजून घ्या, चहाच्या टेबलावर ऐकून ठरवू नका. पैशांपेक्षाही मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. तुम्ही नाही म्हटलं म्हणून ती खुर्ची रिकामी राहणार नाही. तिथे कुणीतरी येईलच, किंवा शेजारच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार जाईल आणि तो आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जाईल. त्याच्या हाताखाली काम तुम्हालाच करायचं आहे.

आता पुण्याबद्दल. ‘निवांत’ हा शब्द वाचून हसू आलं. तुमच्या हितचिंतकांनी विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांतलं आयुक्तालय पाहिलेलं नसावं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, आणि प्रत्येकाचं उत्तर आजच हवं. टेबलाची जागा कमी महत्त्वाची असं मी म्हणत नाही. मार्गदर्शक सूचना तिथेच लिहिल्या जातात. विस्तार, फलोत्पादन, निविष्ठा व गुणनियंत्रण, मृद संधारण, प्रक्रिया व नियोजन ही संचालकांची दालनं तिथेच आहेत. पण जिल्हा न चालवलेल्या माणसानं लिहिलेली मार्गदर्शक सूचना कशी असते, ते तुम्ही मंडळात असल्यापासून भोगलं आहे. अर्जासोबत कागद मागायचे ते असे की शेतकऱ्याला तीन कार्यालयं फिरावी लागतील. आधी जिल्हा करा, मग पुण्यात जाऊन अशा सूचना दुरुस्त करा. खात्यातल्या माणसाला सहसंचालक, संचालक इथपर्यंत वाट मोकळी आहे. आयुक्तपदी भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी असतो आणि तो कधी बदलेल याचा नेम नसतो. म्हणून खात्याची आठवण टिकते ती तुमच्यासारख्या माणसांमुळेच.

तुमची खरी भीती मात्र वेगळी आहे. ती पत्रात एका ओळीत येऊन गेली: शेतात पाय पडायचा तो मंत्र्यांच्या दौऱ्यात. वर गेलं की शेती सुटते, असं तुम्ही धरून चाललात. सुटते, खोटं कशाला सांगू? शेतीशाळेत बसून कामगंध सापळ्यातले (वासानं किडी ओढून पकडणाऱ्या सापळ्यातले) पतंग मोजण्याचं सुख जिल्ह्याच्या खुर्चीत मिळत नाही. पण त्या खुर्चीचं म्हणून एक काम आहे, ते खालच्या कुठल्याच पदावरून करता येत नाही, आणि तुमच्या आधीच्या साहेबांनी ते केलं नसावं असं पत्रावरून वाटतं. गावातला खरा आकडा आणि वाईट बातमी न घासता वर जाऊ देणं, हे ते काम.

साप्ताहिक पेरणी अहवाल घ्या. कृषी सहायक लिहितो, मंडळात बेरीज होते, तालुक्यात होते, तुमच्याकडे येते, तिथून विभागाला आणि पुण्याला जाते. (सहायकाचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात अजून कृषी सहायकच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) यात एक न लिहिलेला नियम तुम्हालाही ठाऊक आहे: या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्यापेक्षा कमी दिसता कामा नये. मग जूनमध्ये पेरलं, पावसानं ओढ दिली, पेरलेलं मोडावं लागलं, दुबार पेरणी झाली, तरी मोडलेलं क्षेत्र वजा होत नाही. वरून पाहिलं तर पेरणी शंभर टक्क्यांच्या पुढे. खाली शेतकरी दुसऱ्यांदा बियाणं शोधत फिरतोय आणि जिल्ह्यात बियाण्याची मागणीच नोंदलेली नाही. हा आकडा कुणी दुष्टपणे फुगवलेला नसतो. ‘कमी का झाला?’ हा फोन टाळण्यासाठी चार टेबलांवर चार भल्या माणसांनी तो थोडा थोडा सावरलेला असतो.

खताचंही तसंच. विक्रेत्याच्या पॉस मशीनवर (विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर) शिल्लक दिसते, गोदामात पोतं नसतं. युरियाबरोबर भलतंच काही गळ्यात मारण्याचं लिंकिंग सगळ्या तालुक्याला माहीत असतं, तक्रार मात्र ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. तुमच्या दप्तरातला निरंक हा शब्द मी तुमच्या जागी असतो तर सर्वांत आधी तपासला असता.

सोयाबीनचं उदाहरण तर तुम्ही स्वतः पाहिलं असेल. २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा ढीग आला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण त्या बातमीचा जन्म जुलै २०२० मधला नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ च्या पावसात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं, तेव्हाच ती जन्माला आली होती. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते आणि भिजलेल्या गंजीतलं बी ती गाठणार नाही, हे प्रत्येक मंडळात कुणा ना कुणाला दिसत होतं. उगवण चाचणीच्या मोहिमा झाल्या, घरचं बियाणं तपासून घ्या असं सांगितलं गेलं, तरी व्हायचं ते झालंच. अशा वेळी डिसेंबरात ‘माझ्या जिल्ह्यात पुढच्या वर्षी बियाण्याची अडचण येणार आहे’ असं स्वतःच्या सहीचं पत्र वर पाठवणारा अधिकारी लागतो. ते पत्र मंडळ अधिकारी लिहू शकत नाही. लिहिलं तरी तालुक्यात अडतं.

आणि यवतमाळ २०१७. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. माणसं दवाखान्यात दाखल होत होती तेव्हा यंत्रणेला हे कधी कळलं, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा आणि जिल्ह्याचं कृषी कार्यालय यांच्यात रोज एक फोन झाला पाहिजे, हे कुठल्याही योजनेच्या मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं नसतं. ते जिल्ह्याच्या माणसालाच सुचावं लागतं.

पीक विम्यानं हा मामला आणखी नाजूक केला आहे. एक रुपयात विमा होता तेव्हा काही ठिकाणी पेरलेल्या क्षेत्राहून विमा उतरवलेलं क्षेत्र जास्त निघालं. एका गावाचे तीन आकडे: सहायकाचा, ई-पीक पाहणीचा (मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदीचा) आणि विम्याचा. २०२५ च्या खरिपापासून शेतकरी पुन्हा खरिपाला २, रब्बीला १.५ आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता भरू लागला, आणि भरपाईचा मुख्य भार पीक कापणी प्रयोगावर आला. म्हणजे सहायक, तलाठी किंवा ग्रामसेवकानं मोजक्या प्लॉटवर काट्यानं केलेलं वजन अख्ख्या महसूल मंडळाच्या पदरात काय पडणार ते ठरवायला लागतं. अशा प्रत्येक प्लॉटवर गावाचा दबाव असतो, विमा कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो, आणि सहायक एकटा असतो. प्रयोगाच्या दिवशी तुम्ही काही ठिकाणी जाऊन उभ्या राहिलात तर बाकीच्या ठिकाणचंही वजन खरं येतं. हा नुसता आशावाद नाही. साहेब कुठेही येऊ शकतात, हे कळलं की सहायकाला गावाला नाही म्हणायला आधार मिळतो. शेतात जायचं तर असं जा. न सांगता जा, पण मंडळ अधिकाऱ्याला वाटेतून फोन करा, त्याला उघडं पाडायला निघालोय असं वाटता कामा नये.

खात्याच्या इतिहासात याचा एक जुना दाखला आहे. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. संचालक होण्याआधी त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरटी पाहणी केली: कुणाकडे किती जमीन, तिचे किती तुकडे, डोक्यावर कर्ज किती. १९१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज त्या गावात पीक पाहायला मिळणार नाही, टॉवर उभे आहेत. पण ज्यानं स्वतः एक गाव पुरतं मोजलं होतं तो पुढे संचालकाच्या खुर्चीत बसला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही तर कितीतरी गावं मोजली आहेत.

आता फोनबद्दल. फोन येणारच. सगळे वाईट नसतात. बरेचसे खरे असतात: कुणाचं ठिबकचं अनुदान मोका तपासणीशिवाय (जागेवरच्या पाहणीशिवाय) पडून आहे, कुणाचा पंचनामाच झाला नाही. हे फोन उपयोगाचे आहेत, लोकप्रतिनिधीकडून तुम्हाला फुकट तपासणी मिळते. एक वही ठेवा, तारीख, कोण, काय, आणि केलं काय. त्रास देणारा फोन परवान्याचा असतो. बियाणं, खत, कीटकनाशक विक्रेत्यांच्या बाबतीत तुम्ही परवाना अधिकारी असाल, आणि तिथली तुमची सही अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशाच्या निकालासारखी आहे. नमुना अप्रमाणित आला, नोटीस दिली, सुनावणी घेतली, की आदेश तुमचा. बियाणे (नियंत्रण) आदेश १९८३, कीटकनाशक अधिनियम १९६८, खत नियंत्रण आदेश १९८५ यांपैकी कशाखाली आणि का, हे आदेशातच लिहा. कारणं नसलेला आदेश अपिलात एका सुनावणीत उडतो, आणि मग बाजारात बातमी फिरते की मॅडमचा आदेश टिकत नाही. एक चांगला लिहिलेला निलंबनाचा आदेश दहा भरारी पथकांचं काम करतो. नमुने काढतानाही बघा. मार्चमध्ये लक्षांक पुरा करायला नामांकित कंपनीच्या पोत्यातून काढलेले नमुने पासच होणार. जूनमध्ये, आडगावच्या दुकानातून, कधी न ऐकलेल्या नावाचं पोतं उघडा.

वरिष्ठांचाच तोंडी आदेश आला तर? वर्तणूक नियम १९७९ मध्येच सोय आहे: वरिष्ठांचा निर्देश लेखी असावा, तोंडी दिला तर त्याला लेखी दुजोरा घ्यावा. फोन ठेवला की शांतपणे एक टिपणी पाठवा: ‘आज दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांनुसार पुढील कार्यवाही करीत आहे, कृपया पुष्टी व्हावी.’ भाषा नम्र ठेवा, टोमणा नको. पुष्कळदा पुष्टी येत नाही आणि तो विषयही पुन्हा निघत नाही. काही वेळा मात्र तुमचीच बदली येते. ते धरूनच चला. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावर साधारण तीन वर्षांचा काळ दिला आहे. मुदतपूर्व बदलीला कारण लागतं, आणि ते नसेल तर मॅटची (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची) पायरी आहे. पण प्रत्येक बदलीवर मॅटमध्ये जाऊ नका. ज्या जिल्ह्यात काही चालू केलंय आणि ते मोडलं जाणार आहे, तिथेच लढा.

चौकशीची भीती रास्त आहे. मी पाहिलेल्या बऱ्याच चौकश्यांची मुळं दोन ठिकाणी होती: कार्यभार घेताना न वाचलेली फाईल आणि ३१ मार्चच्या रात्री केलेली सही. कार्यभाराचा कागद म्हणजे खुर्च्या-पंख्यांची यादी नव्हे. प्रलंबित लेखा आक्षेप, न्यायालयीन प्रकरणं, खात्याच्या नावाची बँक खाती आणि त्यांतली शिल्लक, रोकडवहीची शेवटची जुळवणी, मोजमाप पुस्तिका कुणाच्या ताब्यात आहेत, हे सगळं लेखी मागा. मिळालं नाही तर ‘मिळालं नाही’ हेही लेखी नोंदवा. आधीच्या साहेबांच्या काळातलं तुमच्या काळात शिरू देऊ नका. आणि मार्चअखेरीस निधी परत गेला तर जाऊ द्या. बैठकीत बोलणी बसतील, वर्तमानपत्रात अखर्चित निधीचा मथळा येईल. काम न पाहता दिलेल्या बिलापेक्षा तो मथळा स्वस्त पडतो. निधी परत जाऊ नये याचा खरा इलाज डिसेंबरात असतो, मार्चमध्ये नाही.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटतो. आदेश निघाला की हजर होण्याआधी त्यांना फोन करा. ‘सर, मी येतेय, जिल्हा मला समजावून सांगा,’ एवढंच. खासगीत ते ‘सर’च राहू देत, त्यानं तुमची खुर्ची लहान होत नाही. कागदावर मात्र नातं आणायचं नाही. त्यांच्या तालुक्याचा अहवाल चुकीचा निघाला तर खुलासा त्यांनाही मागायचा, आणि गोपनीय अहवाल लिहिताना बाकीच्यांना लावलेलीच फूटपट्टी त्यांनाही लावायची. ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांना हे कळेल. बाई म्हणून काही जण तुम्हाला पहिले काही महिने चाचपून पाहतील, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तालुक्यात असताना ते तुम्ही निभावलं आहेच.

यजमानांना एवढंच सांगा की घरचा वेळ कमी होणार आहे, खोटं आश्वासन देऊ नका. खरिपात तर होणारच.

आता लगेच करायचं ते. संमती किंवा पसंती विचारणारं पत्र आलं असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्या, गप्प राहून निर्णय दुसऱ्यावर सोडू नका. आदेश बदल्यांच्या हंगामात निघाले तर हजर झाल्यावर थोड्याच दिवसांत पालकमंत्र्यांची खरीप हंगामपूर्व आढावा बैठक येईल. सादरीकरण तयारच असेल, मागच्या वर्षीचं, साल बदललेलं. ते पडद्यावर जाण्याआधी सगळ्या तालुका अधिकाऱ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला विचारा: यातल्या कोणत्या आकड्यावर तुमचा स्वतःचा विश्वास नाही? पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. तुमच्या उपविभागातला असा एक आकडा तुम्हीच आधी सांगा, मग बोलतील. जे बोलतील त्यांच्यावर त्या खोलीत आवाज चढवू नका, आणि ते आकडे बैठकीपूर्वी दुरुस्त करून घ्या. बियाण्याची आणि खताची मागणी त्या दुरुस्त आकड्यांवरच वर पाठवा.